निकाहाआधी नातीच्या कानात

बेटा, तुझं नांदेडचं स्थळ पक्कं झालं, तारीखही ठरली. भांडी किती, जोड किती, याची यादी तुझी अम्मी करते आहे. माझ्या वाट्याला बोलणं आलंय. आमच्या वेळी मुलीच्या जहेजमध्ये मौलाना अशरफ अली थानवींचं ‘बहिश्ती जेवर’ आवर्जून ठेवत. वजूपासून घरखर्चाच्या हिशेबापर्यंत सगळे मसले त्यात असायचे. पद्धत चांगली होती, पण पुस्तक संदुकीत राहायचं आणि मुलगी चुलीपुढे. म्हणून मी तोंडीच सांगते, कामाचं तेवढं.

आधी मुळातली गोष्ट. बाईच्या बाबतीतले मसले दोन प्रकारचे. काही तुझ्या आणि अल्लाहच्या मधले: नमाज, रोजा, वजू. तिथे पावलोपावली सवलत आहे. काही तुझ्या आणि माणसांच्या मधले: मेहर, खर्च, तलाक, वारसा. तिथे मोजमाप आहे, मुदत आहे, साक्षीदार आहेत. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. सुनेचा एक रोजा सुटला तर दहा जणी विचारतात, तिचं मेहर बुडालं तर कोणी तोंड उघडत नाही. कुरआनातली सगळ्यात लांब आयत कशावर आहे, माहीत आहे? उसनवारीवर. सूरे बकराची 282वी. देणंघेणं ठरलं की लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, रक्कम लहान आहे म्हणून लिहायचा कंटाळा करू नका, असं त्यात सांगितलंय. तेव्हा इबादतीत स्वतःला उगाच छळू नकोस, आणि हक्काच्या बाबतीत तोंडी भरवशावर राहू नकोस. पुढचं सगळं यातूनच निघतं.

‘कबूल’ मोठ्याने म्हण

वकील आणि दोन गवाह तुझ्यापाशी येतील. मुलाचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव आणि मेहरची रक्कम सांगून तुझी इजाजत मागतील. कुमारिकेची चुप्पी म्हणजे होकार, असं फिकह, म्हणजे शरियतचं शास्त्र, म्हणतं खरं. पण ती सवलत लाजणाऱ्या मुलीसाठी आहे. बायकांनी तुझी मान धरून हलवावी, यासाठी ती नाही. तू स्पष्ट बोल. आकडा ऐकू आला नाही तर पुन्हा विचार. तिथे विचारलेलं कोणाला बोचलं तर बोचू दे. आपल्या हनफी मसलकात वयात आलेल्या मुलीच्या मर्जीशिवाय झालेला निकाह तिला बांधत नाही, मग तो लावून देणारा बापच का असेना. देशाचा कायदाही 18 वर्षांच्या आत लग्न नको म्हणतो. तू पदवीपर्यंत शिकलीस, म्हणून तुझी मला काळजी नाही. गल्लीतल्या धाकट्या मुलींना मात्र हे तू सांगत जा.

मेहर वजनात ठरव

मेहर म्हणजे मुलीची किंमत नव्हे आणि काडीमोडाची भरपाईही नव्हे. निकाहामुळे नवऱ्यावर चढलेलं ते तुझं कर्ज आहे. सूरे निसाच्या सुरुवातीलाच ते खुशीने देऊन टाका असं सांगितलंय. त्याचे दोन भाग करता येतात. ‘मुअज्जल’ म्हणजे तिथल्या तिथे किंवा मागशील तेव्हा द्यायचं, आणि ‘मुवज्जल’ म्हणजे मुदतीनंतरचं. उच्चार सारखे आहेत, म्हणून निकाहनाम्यावर कोणता शब्द लिहिलाय ते नीट बघ. शंका वाटली तर शेजारी मराठीत ‘रोख’ किंवा ‘अमुक तारखेपर्यंत’ असं लिहून घे. मुदत न लिहिलेलं मेहर बहुतेक वेळा बुडतं.

आणि आकडा नुसत्या रुपयांत नको. आपला मराठवाडा हैदराबाद राज्यात होता, तेव्हा कित्येक बायकांचं मेहर निजामाच्या हाली शिक्क्यात ठरलेलं. हाली शिक्का गेला, महागाई आली, आणि मोठ्या दिमाखात ठरलेली रक्कम वाणसामानालाही पुरेना. सोनं किंवा चांदी वजनात ठरली की ही पंचाईत होत नाही. लोक मेहर-ए-फातिमी म्हणतात, ते 500 दिरहम, म्हणजे सुमारे दीड किलो चांदी. हनफींकडे कमीत कमी 10 दिरहम लागतात. वरची मर्यादा मात्र नाही. मुलाला पेलेल एवढं ठरवावं आणि ते खरंच घ्यावं.

एक गोष्ट मी फार पाहिली. नवऱ्याचा जनाजा उचलायच्या आधी चार बायका विधवेला धरून आणतात आणि ‘मेहर माफ कर’ म्हणायला लावतात. रडणारी बाई काय म्हणणार? शरियत सांगते की दफनाच्या खर्चानंतर मेलेल्याचं कर्ज फेडायचं, त्या कर्जात बायकोचं मेहर आलंच, आणि वाटण्या त्यानंतर. माफी खुशीची असली तरच माफी. तुझ्या डोळ्यांदेखत असं होताना दिसलं तर त्या बाईच्या बाजूने उभी राहा.

जोड्याची रक्कम आणि सामानाची यादी

मुलाकडच्यांनी ‘जोड्याची रक्कम’ मागायची, हा आपल्या भागातला रिवाज. त्याला शरियतमध्ये जागा नाही. 1961च्या हुंडाबंदी कायद्याने तो गुन्हा आहे, आणि त्याच कायद्याने मेहरला हुंड्यातून वगळलंय. तुझ्या अब्बांनी रक्कम दिलेली नाही, हे मी स्वतः पाहिलंय. पण खुशीने दिलेल्या भांड्यांची, दागिन्यांची, कपाटाची यादी करायची, दोन्हीकडच्या सह्या घ्यायच्या आणि एक प्रत अम्मीपाशी ठेवायची. उद्या दोन्ही घरांत गोडवा राहिला तर ती यादी पडून राहील. तिने कोणाचं काही बिघडत नाही.

निकाहनामा वाचल्याशिवाय सही नाही

निकाह हा करार आहे आणि करारात अटी घालता येतात. तुझी नोकरी चालू राहील, दुसरा निकाह केला तर अमुक हक्क मिळेल, राहायला वेगळी खोली मिळेल, हे सगळं लिहिता येतं. त्यातली सगळ्यात मोलाची अट ‘तफवीज’ची. नवरा आपला तलाकचा अधिकार ठरावीक परिस्थितीत बायकोकडे सोपवतो. हनफी फिकहने हे पूर्वापार मानलंय, आणि तरी आपल्याकडे शंभरातल्या नव्वद जणींनी त्याचं नाव ऐकलेलं नसतं. लग्नघरात हे बोलायला जड जातं, म्हणून मंगनी आणि निकाह यांच्या मधल्या दिवसांत अब्बांकरवी काझीसाहेबांशी बोलून घे. ऐन निकाहाच्या दिवशी हा विषय काढशील तर सगळे तुलाच गप्प करतील.

निकाहनाम्याची एक प्रत तुझ्या हातात हवी. नवऱ्याकडे एक प्रत असून भागत नाही. शिवाय महाराष्ट्राच्या 1998च्या कायद्याप्रमाणे 90 दिवसांत लग्नाची नोंदणी करायची असते. नगरपरिषदेत जाऊन ती करून घे. सरकारी कामांत ठिकठिकाणी तो दाखला उपयोगी पडतो. जुन्या काळी काझींच्या दफ्तरातल्या नोंदीला मोल होतं. आता दोन्ही कागद लागतात.

सासरी काय फर्ज, काय चांगुलपणा

हे जरा जपून ऐक. तुझं खाणंपिणं, कपडालत्ता, राहायची जागा ही नवऱ्याची जबाबदारी आहे. तू कमावत असलीस, तुझ्या नावावर जमीन असली, तरी ती त्याचीच. तुझी कमाई तुझी. घरात दिलीस तर ते तुझं मोठं मन. बँकेतलं खातं तुझ्या नावावर राहू दे. हनफी मसलकात बायकोला कडी लावता येईल अशी स्वतःची खोली मागता येते. सासूसासऱ्यांची सेवा हा चांगुलपणा आहे, त्याचा सवाब मोठा आहे, पण फिकहने ती सुनेवर फर्ज केलेली नाही. आईबापांची सेवा आधी मुलावर येते.

पण हे ज्ञान पहिल्याच आठवड्यात सासूला ऐकवू नकोस. तिची चहाची वेळ सांभाळ, तिच्या गुडघ्याला तेल लाव. तिनेही हे सगळं सोसून घर उभं केलंय. फक्त उद्या कोणी ‘हे तर दीनमध्येच आहे’ म्हणून ओझं टाकलं, तर तुला फरक माहीत असावा.

पाणी थोडं, वजू पुरा

दुष्काळ आपल्या पाचवीला पुजलेला. मी 1972चा पाहिला, तू 2012-13चा आणि 2016चा पाहिलास. टँकरच्या दिवसांत वजूवरून घरात कटकट होते. पैगंबर साहेब एका मुदएवढ्या पाण्यात वजू करत. म्हणजे पाऊण लिटरच्या आतबाहेर, पाण्याच्या एका बाटलीत बसेल एवढं. वाहत्या नदीकाठी असलात तरी पाणी वाया घालवू नका, अशी त्यांची शिकवण सांगतात. लोटा घेऊन बस, नळाखाली उभी राहू नकोस. एकेक अवयव एकदा नीट भिजला तरी फर्ज पुरा होतो. तीनदा धुणं सुन्नत आहे, पण पाणी नसेल तर एकदा बस्स.

गुसलमध्ये, म्हणजे पाकीच्या आंघोळीत, हनफींच्या तीन गोष्टी फर्ज: चूळ भरणं, नाकात पाणी घेणं, सगळ्या अंगाला पाणी लागणं. तुझी वेणी लांब आहे. केसांच्या मुळाशी पाणी पोचत असेल तर ती सोडायची गरज नाही. मेंदीने वजू अडत नाही, नेलपॉलिशने अडतो, कारण तिचा थर बसतो. आजारात पाण्याने अपाय होणार असेल किंवा पाणीच नसेल, तर तयम्मुम, म्हणजे मातीने करायची पाकी, आहे. तापाने फणफणत असताना गार पाण्याने न्हाऊन तब्येत बिघडवण्यात सवाब नाही.

त्या दिवसांत

पाळीच्या दिवसांतली नमाज माफ आहे, पुढे भरूनही द्यायची नाही. रोजे तेवढे नंतर भरायचे. हनफी हिशेबाने पाळी कमीत कमी तीन दिवस आणि जास्तीत जास्त दहा. बाळंतपणानंतर जास्तीत जास्त चाळीस. त्यापुढेही रक्त जात राहिलं तर नमाज पुन्हा चालू होते आणि प्रत्येक वेळेला ताजा वजू करायचा. आणि बेटा, दहाच्या पुढे दिवस गेले तर डॉक्टरीणबाईंकडेही जायचं. मसला विचारून दुखणं बरं होत नाही. दिवस मोबाइलच्या कॅलेंडरवर टिपत जा, नाहीतर रमजानच्या शेवटी किती रोजे राहिले यावर डोकं खाजवत बसशील.

आपल्या गावाकडे काही मुसलमान घरांतही त्या दिवसांत बाईला स्वयंपाकघरात येऊ देत नाहीत, लोणच्याला हात लावू देत नाहीत. हे शेजारपाजाऱ्यांकडून आलेलं. दीनमध्ये याला आधार नाही. पैगंबर साहेबांनी बीबी आयेशांकडे चटई मागितली. त्यांनी पाळी असल्याचं सांगितलं, तेव्हा पाळी तुझ्या हातात थोडीच आहे, असं ते म्हणाले. ही हदीस लक्षात ठेव. नमाज आणि कुरआनपठण नसलं तरी दुआ, दुरूद, जिक्र सगळं चालतं.

पोटुशी असलीस किंवा बाळ अंगावर पीत असलं आणि रोज्याने तुला किंवा बाळाला त्रास होईल असं वाटलं, तर रोजा सोड, नंतर भर. आपल्या मेच्या उन्हात हट्टाने रोजा धरून सलाईन लावून घ्यायची पाळी आणू नकोस.

प्रवास, माहेर, मशीद

मुसाफिरची नमाज छोटी होते. जोहर, असर आणि इशाचे चार फर्ज दोनवर येतात. हनफी उलेमांच्या हिशेबाने त्यासाठी सुमारे 77 किलोमीटरचा प्रवास लागतो. आपल्या परतूरहून जालन्याला गेलीस तर पुरी नमाज, छत्रपती संभाजीनगरला गेलीस तर कसर. आता गंमत ऐक. नांदेडला तुझं घर बसलं की चार दिवसांसाठी परतूरला आल्यावर तू मुसाफिर. पंधरा दिवसांचा मुक्काम ठरवून आलीस तर पुरी पढ. तेवढ्यासाठी तरी पंधरा दिवसांची ये.

मशिदीत बायकांनी जावं का, यावर आपल्याकडे वाद फार. घरातली नमाज बायकांसाठी बरी, असं आपले उलेमा सांगत आले. पण बायकांना मशिदीत यायला मनाई नाही, हे ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानेच 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलंय. मुंबईच्या हाजी अली दर्ग्यात बायकांना आतपर्यंत जाता यावं, म्हणून 2016 मध्ये उच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. जिथे वेगळी जागा आणि वजूची सोय असेल तिथे बेधडक जा. सोय नसेल तर मागणी करायला लाजू नकोस. स्टेशनजवळ, दवाखान्याजवळ ती लागतेच.

दागिन्यांची जकात तुझी तू दे

हनफींकडे अंगावरच्या दागिन्यांवरही जकात आहे. कोकणातले मुसलमान बहुतांशी शाफई, त्यांच्याकडे रोजच्या वापरातल्या दागिन्यांवर नाही. म्हणूनच मोबाइलवर एखादा मसला ऐकलास तर तो कोणत्या मसलकाचा आहे, हे आधी बघ. निव्वळ सोनं असेल तर साडेसात तोळे, चांदी असेल तर साडेबावन्न तोळे, याला निसाब म्हणतात. त्यावर चांद्र वर्ष उलटलं की अडीच टक्के. सोनं थोडं आणि शिल्लक रक्कम थोडी, असं मिळून चांदीच्या निसाबापर्यंत गेलं तरी जकात येते, हे पुष्कळ जणी विसरतात. ज्याचा माल, त्याची जकात. नवऱ्याने तुझ्या वतीने दिली तर त्याची मेहरबानी. आणि दागिना तुझा आहे म्हणून जकात तूच द्यायची, तर तो गहाण ठेवायचा की नाही हेही तूच ठरवायचं.

बिनसलं तर

अल्लाह करो आणि ही वेळ न येवो. पण छत्री पाऊस पडायच्या आधी घ्यायची असते.

भांडण पेटलं तर सूरे निसात रीत सांगितलीय: एक माणूस नवऱ्याकडचा, एक बायकोकडचा, दोघांनी बसून मिटवायचं. नाहीच मिटलं आणि तलाकची वेळ आलीच, तर पाकीच्या दिवसांत एकदाच म्हणायचा. पुढे इद्दत, म्हणजे तलाकनंतर थांबायची मुदत, संपेपर्यंत परत जुळवून घ्यायची वाट मोकळी असते. एका दमात तीनदा म्हणणं हा आपल्या लोकांनी चालवलेला जुलूम. त्याविरुद्ध हमीद दलवाईंनी 18 एप्रिल 1966 ला सात बायकांना घेऊन मुंबईत विधानभवनावर मोर्चा काढला, तेव्हा लोक त्यांच्यावर तुटून पडले. मे 2002 मध्ये आपल्याच औरंगाबाद खंडपीठातल्या पूर्णपीठाने सांगितलं की ‘मी तलाक दिलाय’ असं कोर्टात नुसतं लिहून भागणार नाही. कारण काय होतं, मध्यस्थी झाली का, तलाक खरंच दिला का, हे सिद्ध करावं लागेल. 22 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाने तीन तलाक रद्द ठरवला आणि 2019च्या कायद्याने तो गुन्हा झाला, तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा. तेव्हा मोबाइलवर तीन शब्द आले म्हणून बॅग भरायची नाही. तो मेसेज जपून ठेवायचा.

खर्चाचं म्हणशील तर 1986च्या कायद्याने नवऱ्याने इद्दतीच्या काळातच पुढच्या आयुष्याची वाजवी सोय करून द्यायची असते, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये लावला. मुसलमान बाईला सगळ्या बायकांसारखा पोटगीचा अर्ज करता येतो, हे 10 जुलै 2024च्या निकालाने पक्कं झालंय.

आणि तुलाच सुटायचं असेल तर? खुला आहे, म्हणजे बाईने मागून घेतलेली सुटका. तफवीज लिहिलेली असेल तर ती आहे. नाहीतर 1939चा कायदा आहे. नवरा चार वर्षं बेपत्ता, दोन वर्षं खर्च देत नाही, छळ करतो, अशा कारणांवर कोर्ट निकाह मोडून देतं. या कायद्यामागची गोष्ट तुला सांगते. बेपत्ता नवऱ्याच्या बायकोने हनफी मसल्याप्रमाणे जवळजवळ जन्मभर वाट पाहायची असे. ‘बहिश्ती जेवर’ लिहिणाऱ्या थानवी साहेबांनीच 1931 मध्ये किताब लिहून सांगितलं की या बाबतीत मालिकी मसलकातली चार वर्षांची मुदत घेऊ. बाईची कोंडी फोडायला एवढे कट्टर हनफी आलिम दुसऱ्या मसलकाकडे गेले. मग कोणी तुला ‘दीनमध्ये वाटच नाही’ म्हणालं, तर त्याने नीट शोधलेलं नाही असं समज.

इद्दत आणि वारसा

तलाकनंतर तीन पाळ्या, नवरा वारल्यास चार महिने दहा दिवस, पोटुशी असेल तर बाळ होईपर्यंत. विधवेने त्या काळात नटूथटू नये, रात्री घरी असावं. पण दवाखाना, पोटापाण्याचं काम, जरुरीचे कागद यासाठी दिवसा बाहेर जाता येतं. विमा आणि पेन्शनच्या अर्जांच्या मुदती इद्दत बघून थांबत नाहीत. बांगड्या फोडणं, पांढरं नेसवणं हा रिवाज. दुसरा निकाह ऐब नाही, बीबी खदीजा विधवाच होत्या.

वारशात मुलीला मुलाच्या निम्मा वाटा, मुलंबाळं असताना बायकोला आठवा. कमी वाटला तरी तो ठरलेला आहे, कोणाच्या मर्जीवर नाही. आपल्याकडे बाप गेला की भाऊ बहिणीला साडी नेसवतात आणि हक्कसोडपत्रावर अंगठा घेतात. साडी घे, सहीला मात्र वेळ माग. शेतजमिनीचे कायदे वेगळे आहेत, तेव्हा सातबारा घेऊन वकिलाला दाखव.

विचारायचं कोणाला

मसला विचारताना आधी एवढंच विचार: हे फर्ज आहे, सुन्नत आहे, की रिवाज? अर्धे वाद तिथेच मिटतात. प्रश्न लिहून दे, उत्तर लिहून घे. फतवा हा सल्ला असतो, तो कोणावर बंधनकारक नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये सांगितलंय. कोर्टाचं काम निघालं तर तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जा. बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

तर बेटा, नमाज जमेल तशी पण नेमाने पढ, स्वतःला छळू नकोस. निकाहनामा, नोंदणीचा दाखला, सामानाची यादी आणि बँकेचं पुस्तक या चार गोष्टी एका पिशवीत ठेव, आणि प्रत्येकाची झेरॉक्स इथे परतूरला माझ्यापाशी पाठव. निकाहनाम्याची पहिली पाठव.